नाटकातला वाईट माणूस इतका देखणा का असतो?

दर थोड्या दिवसांनी कुठलं तरी नाटक वादात सापडतं. प्रयोग बंद पाडा, अशी मागणी होते. एका बाजूचं म्हणणं ठरलेलं असतं: हे अश्लील आहे, भावना दुखावतात, आपल्या संस्कृतीला शोभत नाही. दुसऱ्या बाजूचं उत्तरही ठरलेलं: ही कला आहे, कलेला मोकळीक हवी. दोघांचा वाद वाढतो, पण बोलणं होत नाही. एक जण ‘काय दाखवलं’ याबद्दल बोलत असतो आणि दुसरा ‘किती छान दाखवलं’ याबद्दल.

प्रेक्षकाला पडलेला प्रश्न मात्र या दोन्हींच्या मधला असतो. वाईट गोष्ट सुंदर करून दाखवली, तर ती चांगली ठरते का? आणि सुंदर केलीच नाही, तर तिकीट काढून ती बघायला येणार कोण?

पहिल्याच प्रयोगात गोंधळ

हा वाद नवा नाही. भरतमुनींच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात तो आहे. ब्रह्मदेवानं चार वेदांतून एकेक गोष्ट उचलली: ऋग्वेदातून शब्द, सामवेदातून गाणं, यजुर्वेदातून अभिनय, अथर्ववेदातून रस. त्यातून नाट्यवेद तयार केला आणि भरतमुनींनी आपल्या शंभर मुलांना घेऊन पहिला प्रयोग लावला. विषय होता देवांनी दैत्यांचा केलेला पराभव. प्रेक्षकांत दैत्यही होते. ते भडकले. त्यांच्या बाजूच्या विघ्न नावाच्या दुष्ट शक्तींनी नटांची वाणी, हालचाल, स्मरणशक्ती सगळं थिजवून टाकलं. इंद्रानं ध्वजाच्या काठीनं त्यांना झोडपलं. तीच काठी पुढे ‘जर्जर’ म्हणून रंगभूमीवर पूजेला लागली. तरी त्रास थांबेना, तेव्हा विश्वकर्म्याकडून बंदिस्त नाट्यगृह बांधून घ्यावं लागलं. म्हणजे या कथेप्रमाणे नाट्यगृह जन्माला आलं ते बंदोबस्तासाठी.

मग ब्रह्मदेवानं दैत्यांची समजूत घातली. हे नाट्य फक्त तुमचं किंवा फक्त देवांचं नाही, तिन्ही लोकांतल्या भावांचं ते अनुकीर्तन, म्हणजे पुन्हा करून दाखवणं आहे, असं तो म्हणाला.

इथवर वाचून कलास्वातंत्र्यवाले खूश होतील. पण ग्रंथाच्या शेवटी दुसरी गोष्ट येते. भरताच्या मुलांनी आपल्या कलेचा वापर ऋषींची टवाळी करायला केला. ऋषींनी शाप दिला आणि नटांचा सामाजिक दर्जा खाली आला. ग्रंथाच्या एका टोकाला आक्षेप घेणारा चुकतो, दुसऱ्या टोकाला नाटकवाला. भरतानं कुठल्याच बाजूला कोरा चेक दिलेला नाही.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ

तो शब्द म्हणजे रस. नाट्यशास्त्र रस समजावताना स्वयंपाकाचाच दाखला देतं. वेगवेगळे पदार्थ, मसाले एकत्र आले की त्यांच्यापेक्षा निराळी चव तयार होते, तसं. आपण कारलं घेऊ. कारलं कडू असतं आणि भाजी झाल्यावरही कडूच राहतं. पण चिंच, गूळ, तेल, फोडणी यांच्या संगतीत तो कडूपणा आपण आवडीनं खातो. मीठ लावून, पिळून पिळून कडूपणा पार काढून टाकला तर भाजी बिघडते, आणि काहीच न करता कच्चं कारलं ताटात वाढलं तर कुणी हात लावत नाही. रंगभूमीवरचं दुःख, क्रौर्य, कपट ही कारली आहेत. सौंदर्य ही फोडणी. फोडणी कारल्याला गोड ठरवत नाही, ते घशाखाली उतरवते.

भरतानं आठ रस सांगितले. त्यात भयानक आणि बीभत्सही आहेत. ओंगळ गोष्टीतूनही आस्वाद निर्माण होतो, हे त्याच्या यादीतच मान्य आहे. ॲरिस्टॉटललाही हे दिसलं होतं: जे प्रत्यक्षात बघवत नाही, त्याचं हुबेहूब चित्र आपण आनंदानं बघतो.

हे घडतं कसं, याचं उत्तर काश्मीरच्या पंडितांनी दिलं. भट्टनायकानं मांडलेली आणि अभिनवगुप्तानं हजार वर्षांपूर्वी पुढे नेलेली कल्पना अशी, की रंगमंचावरचं दुःख ‘माझं’ नसतं आणि ‘त्या नटाचं’ही नसतं. ते कुणा एकाचं न राहता सगळ्यांचं होतं. याला साधारणीकरण म्हणतात. शेजारच्या घरात कुणी रडत असेल, तर आपण बघत बसत नाही, उठून जातो. नाटकातलं रडणं आपण बसून बघतो, आणि बसून बघतो म्हणूनच त्याचा विचार करू शकतो. अभिनवगुप्तानं रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात अडकून पडणं. भावना दुखावल्या म्हणून उठून उभा राहिलेला माणूस या व्याख्येत चपखल बसतो. अर्थात प्रत्येक वेळी दोष त्याचाच असतो असं नाही. नाटकवाल्यानं त्याला खाजगी जागी टोचलं असेल, तर विघ्न नाटकवाल्यानंच आणलेलं असतं.

खरी थप्पड का चालत नाही

हे हवेतलं वाटत असेल, तर रंगमंचावरची साधी थप्पड बघा. ती अशी बसवतात: मारणाऱ्या आणि मार खाणाऱ्यातल्या एकाची पाठ प्रेक्षकांकडे येईल असं दोघांना उभं करायचं. आधी नजरानजर, तोच ‘तयार आहे’ हा इशारा. हात गालापासून वीतभर लांबून जातो. मधली फट पाठीमुळे प्रेक्षकाला दिसत नाही. आवाज येतो टाळीचा. ती बहुधा मार खाणाराच छातीजवळ वाजवतो, कधी शेजारचा तिसरा नट. मान वळते ती आवाजाबरोबर, आवाजानंतर नाही.

चुका दोन प्रकारच्या होतात. टाळी अर्ध्या सेकंदानं उशिरा आली तर प्रेक्षागृह हसतं आणि करुण प्रसंगाचा फार्स होतो. दुसरी चूक उलटी: ‘खरं वाटायला हवं’ म्हणून खरोखर मारणं. तेव्हा पहिल्या रांगेला गालावर उठलेली बोटं दिसतात आणि त्या क्षणी प्रेक्षक पात्राची काळजी सोडून नटीची काळजी करू लागतो. ‘बाईंना लागलं वाटतं.’ नाटक तिथेच संपलं. नवऱ्यानं बायकोला मारलं याचा राग यायला हवा होता, आला तो दिग्दर्शकाचा. शिवाय कानाला इजा व्हायचा धोका आहेच, आणि पुढचं वाक्य चुकायचाही.

म्हणजे इथे सफाई हेच नैतिक साधन आहे. थप्पड जितकी नीट बसवलेली, तितकं प्रेक्षकाचं लक्ष अन्यायावर राहतं. जवळिकीच्या प्रसंगालाही हाच नियम लागतो. कुणाचा हात कुठे, किती मात्रा, कुठल्या शब्दावर सुटायचं, तालमीत कोण हजर असणार, हे आधी ठरलेलं हवं. ‘मूड येईल तसं करू’ म्हणणारा दिग्दर्शक कलाकारावरही अन्याय करतो आणि प्रसंगावरही.

घाशीराम: माणसांची भिंत

आता गुंतागुंतीचं उदाहरण. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन. १९ प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर ॲकॅडमी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा उभं राहिलं. आक्षेप दोन: नाना फडणवीसांची बदनामी आणि ब्राह्मणांची बदनामी.

नाटक बघताना पहिली जाणीव मात्र बदनामीची होत नाही, सौंदर्याची होते. समोर डझनभर पुरुषांची आडवी रांग. अंगात कुडतं नाही, कमरेला धोतर, खांद्यावर उपरणं, कपाळी गंध. ती रांग गाते, डुलते, टाळ्या देते. कीर्तनाचा ताल कधी लावणीकडे सरकला ते कळत नाही. आणि हीच रांग पाठ फिरवून उभी राहिली की भिंत होते. पडदा नाही, नेपथ्य नाही, फक्त उघड्या पाठी.

भिंत काय करते? ती लपवते. तिच्यामागे बावनखणी, म्हणजे नाचगाण्याच्या बायकांची वस्ती, भरते; तिच्यामागे कोतवालीच्या बदल्यात घाशीरामची मुलगी नानाच्या हाती लागते. देवळात चाललोय, कीर्तनाला चाललोय, असं सांगत रांगेतली माणसं बावनखणीची वाट धरतात. एका प्रसंगात नाना त्या कोवळ्या पोरीच्या मागे लागतो. ती म्हणते, देव बघतोय. नाना गणपतीकडे बोट दाखवतो: त्याच्याच दोन बाजूंना दोघी आहेत, तो काय बोलणार! प्रेक्षागृहात हशा येतो. विनोद चांगला आहे, नटाचं टायमिंग अचूक आहे, आणि आपण हसतो.

त्या हशातच नाटकाची सगळी नैतिकता आहे. कारण थोड्याच वेळानं ती मुलगी मेलेली असते. मघाशी आपण गाण्यावर मान डोलावली, नानाच्या मिश्किलपणाला दाद दिली, म्हणजे भिंतीतलीच एक पाठ झालो. नानाला पहिल्यापासून सुळे दाखवणारा राक्षस केलं असतं, तर आपण निवांत खुर्चीत बसून त्याचा धिक्कार केला असता आणि घरी जाऊन जेवलो असतो. देखण्या रचनेनं आपल्याला आधी सामील करून घेतलं आणि मग हिशेब मागितला.

म्हणून सौंदर्य आहे की नाही, एवढंच बघून भागत नाही. ते कुणाच्या बाजूला बसवलंय आणि शेवटी त्याचं काय होतं, हे बघावं लागतं. ‘घाशीराम’मध्ये सुरावट शेवटपर्यंत सुरेलच राहते. जमाव घाशीरामला ठेचून मारतो, नाना जमावापुढे भाषण ठोकतो, उत्सवाचा हुकूम देतो, आणि पुन्हा गाणं. मघाचंच गाणं आता कानाला बोचतं. सूर बदलला नाही, ऐकणारा बदलला.

जुन्या शास्त्राकडे यासाठी शब्द आहे

आपल्या सौंदर्यशास्त्रात नीतीचा विचार नाही, अशी एक समजूत आहे. ती चुकीची आहे. रसाभास हा शब्द घ्या. रसाचा नुसता भास, म्हणजे दिसायला रस पण आतून खोटा. अभिनवगुप्तानं उदाहरण दिलंय ते रावणाला सीतेबद्दल वाटणाऱ्या ओढीचं. रावणाची वाक्यं ऐकताना क्षणभर शृंगारच वाटतो. पण प्रेम एकतर्फी आहे, समोरच्या बाईची इच्छाच नाही, हे ध्यानात आलं की तो शृंगार राहत नाही, हास्यास्पद होतो.

नानाचा पोरीमागचा पाठलाग हा असा शृंगाराभास आहे. लय शृंगाराची, संमती शून्य. म्हणजे ‘इच्छा दोघांची आहे का’ हा आजचा प्रश्न आपल्या परंपरेत सौंदर्याच्या कसोटीतच बसवलेला होता.

दुसरा शब्द औचित्य. जुना काव्यशास्त्रकार आनंदवर्धन सांगतो की रसभंगाला अनौचित्याखेरीज दुसरं कारणच नाही, आणि क्षेमेंद्रानं अकराव्या शतकात औचित्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. औचित्य म्हणजे सोवळेपणा नव्हे. पात्र, प्रसंग, भाषा यांचं एकमेकांशी जुळणं. शिवराळ माणसाच्या तोंडी शिवी उचित, आणि त्याच्या तोंडी सुविचार घातला तर तो अनुचित.

“पण नाटकानं चांगलं शिकवावं की नाही?”

शिकवावं, हरकत नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘शारदा’ १८९९ चं. कोवळ्या मुलीचं पैशांसाठी म्हाताऱ्याशी लग्न लावण्याविरुद्धचं हे नाटक. ते आजही लक्षात आहे, कारण देवलांनी विरोध भाषणात न ठेवता पदांत ठेवला. पंचाहत्तरीच्या नवरदेवाची मुलींनी केलेली टिंगल प्रेक्षक गुणगुणत घरी गेले. इथे सौंदर्य आणि नीती एकाच पाटावर बसली.

पण हेतू चांगला असला की काम झालं, असं नाही. ‘एकच प्याला’ बघा. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीनं ते बडोद्यात रंगमंचावर आणलं. दारूनं सुधाकरच्या संसाराची राख होते, हा विषय. पण नाटकातली सगळ्यात खुसखुशीत माणसं कोण? तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ. दारूविरोधी नाटकातला सगळा विनोद दारुड्यांकडे! आणि सुधाकरच्या बायकोचं, सिंधूचं दुःख बालगंधर्वांच्या गळ्यातून यायचं. उपाशी सिंधूच्या पदाला ‘वन्समोअर’ मिळाला की दुःख थांबवून पद पुन्हा. संगीत नाटकातली ही जुनी अडचण आहे. गाणं इतकं गोड होतं की दुःख त्याचं निमित्त होऊन बसतं.

तळीरामाबाबत मात्र गडकऱ्यांचं बरोबर होतं, असं वाटतं. दारूची बैठक रटाळ दाखवली असती, तर सुधाकर तिच्यात अडकलाच का, हे कळलं नसतं. मोहाचं नाटक लिहायचं तर मोह मोहक हवा. फक्त पहिल्या प्याल्याची मजा आणि शेवटच्या प्याल्याची किंमत, दोन्ही त्याच ताकदीनं लिहाव्या लागतात. शेवट घाईत उरकला तर प्रेक्षक फक्त मजा घेऊन घरी जातो.

“काही गोष्टी दाखवायलाच कशाला हव्यात?”

भरतानंही बंधनं घातली होती. युद्ध, मृत्यू, नगराचा वेढा या गोष्टी अंकात थेट दाखवू नयेत, मधल्या प्रवेशकातून सांगाव्यात. झोपणं, चुंबन, जेवण, स्नान हेही वर्ज्य. यादी बारकाईनं पाहिली तर यातलं सगळं काही अनैतिक नाही. जेवणात काय पाप? काही गोष्टी दाखवायला अवघड असतात, काही लांबण लावतात, काहींत नटाचं शरीर पात्रावर मात करतं. नाट्यगृहाच्या मापाबाबतही भरत असाच व्यवहारी आहे: मध्यम लांबट नाट्यगृह ६४ हात लांब, ३२ हात रुंद. त्याहून मोठं बांधलं तर आवाज विरतो आणि चेहऱ्यावरचे भाव मागच्याला दिसत नाहीत. भाव दिसला नाही, तर क्रौर्य आणि पश्चात्ताप यांतला फरकही दिसत नाही.

शिवाय नियम मोडलेही गेले. भासाच्या ‘ऊरुभंग’मध्ये दुर्योधन मांड्या मोडलेल्या अवस्थेत रंगमंचावर येतो आणि तिथेच मरतो. महाभारतातला खलनायक तिथे करुण होतो. मृत्यू पडद्याआड ठेवला असता तर हे जमलं नसतं.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण ‘सखाराम बाइंडर’, १९७२. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घरात आणून ठेवणारा सखाराम, त्याच्या तोंडच्या शिव्या, चंपाचं प्रेक्षकांदेखत साडी बदलणं, यावर गदारोळ झाला. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या परिनिरीक्षण मंडळानं तीसहून अधिक ठिकाणी कात्री सुचवली. दिग्दर्शक कमलाकर सारंग मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि नाटक सुटलं.

गंमत अशी, की आक्षेप घेणाऱ्यांचं लक्ष साडीवर राहिलं आणि नाटकातली खरी भीतिदायक व्यक्ती निसटली. ती लक्ष्मी. देवभोळी, सोशिक, मुंगळ्याशी लाडानं बोलणारी. तीच चंपाची चहाडी करते, सखारामच्या हातून चंपाचा खून होतो, तो गळाठतो, आणि प्रेत पुरायचं बघते ती लक्ष्मी. शिवीगाळ करणारा माणूस कोसळतो आणि पूजा करणारी बाई शांतपणे खड्ड्याची व्यवस्था लावते. शिव्या कापून हे नाटक ‘सभ्य’ केलं असतं, तर हा विरोधच गेला असता.

“मग कायद्यानं बघायचंच नाही का?”

कायदा बघतोच. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी आणला आणि त्याच कायद्याखाली १९१० मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली. नाटकात महाभारताबाहेरचं काही नव्हतं. पण कीचकात लॉर्ड कर्झन आणि सैरंध्रीत देश दिसत होता. इंग्रज सरकारला रूपक बरोबर कळलं होतं, हे मान्य करायला हवं. तो केंद्रीय कायदा रद्द व्हायला २०१८ उजाडलं.

प्रयोगाआधी संहिता तपासण्याची अडचण ही, की संहितेत फक्त शब्द असतात. नानाचं गणपतीबद्दलचं वाक्य कागदावर एक ओळ आहे. ते विनोद म्हणून येतं, विकृती म्हणून येतं की दोन्ही एकदम, हे नट, ताल आणि भिंतीचं अंतर ठरवतात. कागद वाचून रस तपासणं म्हणजे पाककृती वाचून मीठ कमी आहे म्हणणं. वयाची सूचना जाहिरातीत आणि तिकीट खिडकीवर स्पष्ट लावणं हा मुलांच्या बाबतीत जास्त उपयोगाचा मार्ग आहे. दहा वर्षांच्या मुलाला भिंत आवडेल, भिंतीमागचं कळणार नाही.

“आणि प्रेक्षक फक्त मजा घेऊन गेला तर?”

जातो की. लावणीला शिट्ट्या मारून बाहेर पडणारा प्रेक्षक ‘घाशीराम’लाही असतो. हा धोका शून्यावर आणता येत नाही. पण तो वाढवणाऱ्या चुका ओळखीच्या आहेत. स्पर्धांसाठी हे नाटक बसवताना हौशी संघ बऱ्याचदा रांगेतल्या माणसांना डोळे मिचकावायला लावतात, जिभल्या चाटायला लावतात, म्हणजे ‘हे ढोंगी आहेत’ हे सगळ्यांना कळावं. तिथे प्रसंग कोसळतो. ढोंगी कोण हे दहाव्या मिनिटालाच कळलं की प्रेक्षक सुटतो, त्याला सामील व्हावंच लागत नाही. दुसरी चूक भिंत सैल पडण्याची. दोन पाठींत फट राहिली आणि मागची हालचाल दिसली की लोक मागचंच बघत बसतात, गाणं ऐकत नाहीत.

खांद्याला खांदा, एकाच मात्रेवर वळणं, आणि गाणं मनापासून, अगदी भक्तीनं. रांगेच्या कडेला उभा असलेला, ज्याच्या वाट्याला एकही स्वतंत्र वाक्य नाही, त्यानंही आपण काही झाकतोय हे माहीतच नसल्यासारखं गायचं असतं. तालमीत सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच जातो.